मास्तरांचा कान

"मास्तर, जरा कान मांडो ने," धाकटे शेठ म्हणाले.

उधन्याच्या त्या लूमखात्यात अठ्ठेचाळीस मशिनं एकाच वेळी खडखडत होती, त्यामुळे शेठ काय म्हणाले ते तसं कुणालाच ऐकू आलं नाही. योगराज मास्तरांनी ते शेठच्या ओठांवरून उचललं. मान डोलावली, हात वर करून चार माणसं बाजूला सारली, चौदा नंबरच्या लूमपुढे उभे राहिले आणि डोळे मिटून उजवा कान मशीनकडे केला. तसं करताना डावा तळहात सहज टेकल्यासारखा मशीनच्या लोखंडी चौकटीवर पडला होता. त्या हाताकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे कानाकडे पाहत होते.

"मागचं बेअरिंग गेलं," मास्तर अर्ध्या मिनिटानं म्हणाले. "आणि खालचा पट्टा ढिला आहे."

मशीन खोललं तर बेअरिंग गेलेलं, पट्टा ढिला. धाकट्या शेठनी सोबतच्या व्यापाऱ्याला कोपरानं ढोसलं आणि मास्तरांच्या कानाकडे बोट दाखवून काहीतरी कौतुकाचं बोलले. शंभर मशिनांतून एक आजारी मशीन आवाजावरून ओळखणारा माणूस म्हणून उधन्यात मास्तरांचं नाव होतं. शेजारच्या खात्यातूनही बोलावणी येत. त्या कानापायीच ते साध्या कारागिराचे मास्तर झाले होते.

खरी गोष्ट अशी होती की त्या कानात आता काहीच उरलं नव्हतं.

पारोळ्याकडचा सतरा वर्षांचा पोरगा सुरतेत येतो आणि एकोणतीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभा राहतो, तेव्हा कान एकदम जात नाहीत. पगाराच्या दिवशी पाहुणे जातात तसे, चहा घेत घेत, सावकाश जातात. मास्तरांच्या बाबतीत आधी मोबाईलची घंटी गेली, मग कुकरची शिट्टी, मग शेजारच्या मंदिरातलं भजन, आणि सरतेशेवटी उषाबाई. उषाबाई म्हणजे त्यांची बायको. आता एवढं झाल्यावर घरात बोभाटा व्हायला हवा होता, पण झाला नाही. नवरा आपलं काही ऐकत नाही अशी तक्रार नसलेली बायको अजून जन्माला यायची आहे. त्यामुळे उषाबाईंना त्यात वावगं असं काही दिसलंच नाही.

"मी कव्हानी बोली ऱ्हायनू," त्या भेस्तानच्या दीड खोलीत साडीला खडे चिकटवता चिकटवता म्हणत. "भिंतले सांगी ऱ्हायनू का?"

मास्तर मान डोलावत. त्यांनी एक नियमच करून घेतला होता: माणूस रागानं बघत असेल तर मान खाली घालायची, आदरानं बघत असेल तर वरखाली हलवायची. एवढ्यावर संसार नीट चालतो हा शोध त्यांना बहिरेपणीच लागला.

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं. लोटू. तो त्याच खात्यात बावीस वर्षं होता आणि त्याचे स्वतःचे कान निम्म्यावर आले होते. खात्यात तसंही कुणी तोंडानं बोलत नाही. तिथली भाषा हाताची. मूठ गोल फिरवली की 'चालू'. दोन बोटं झटकन फाकवली की 'धागा तुटला'. चिमटी चिमटीत घातली की 'गाठ मार'. हात आडवा मारला की 'बंद'. आणि मिशीवर बोट फिरवलं की 'शेठ आला'. शेठला मिशी नव्हती, त्याच्या वडिलांना होती. पण भाषा काही पिढीगणिक बदलत नाही. या पाचसहा खुणांवर लोटू आणि मास्तरांनी निम्मं आयुष्य बोलून काढलं होतं आणि एकमेकांचं एक वाक्य चुकीचं ऐकलं नव्हतं.

---

अशा माणसाच्या घरी देवानं गायत्री दिली. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

पोर सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. श्रावणातली कानबाई वस्तीतल्या एका घरी बसली होती. नारळाला नथ घालून, पिवळं नेसवून खानदेशातली माय सुरतेत दरवर्षी येते, तशी आली होती. बाया नेहमीची गाणी म्हणत होत्या. म्हणून म्हणून दमल्या, तेव्हा कोपऱ्यातली गायत्री उठली, भजनी मंडळाची पेटी पुढ्यात ओढली आणि तिनं एक नवंच गाणं म्हटलं. शब्द तिच्या आईनं खडे चिकटवताना बडबडलेले; चाल तिची. सगळ्यात म्हाताऱ्या सखुबाईंनी तंबाखू बाजूला ठेवला आणि पोरीला तेच पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी तापीवर कानबाई पोचवताना सगळ्या वस्तीच्या तोंडी तेच गाणं होतं.

मग चाली येतच गेल्या. दोन वर्षांत अकरा. आणि दुसऱ्या की तिसऱ्या चालीलाच वस्तीला प्रश्न पडला, जो कुठल्याही शहाण्या वस्तीला पडावा.

"सात वरीसनी पोर कोठे चाल लावस का?" सखुबाईंनी नळावर निकाल दिला. "बापनं काम शे ते. त्याना कान दखा ना! मशीननं दुखनं आयकस, त्याले गानं काय भारी?"

लोकांना ते पटलं. शेजारी येऊन मास्तरांचा हात धरायला लागले, "काय चाल बांधी मास्तर!" म्हणायला लागले. मास्तरांना ओठ वाचून कळलं ते काय म्हणतायत. त्याच वेळी त्यांनी "मी नाही, पोरगी" एवढे तीन शब्द बोलायला हवे होते.

ते बोलले नाहीत. मान वरखाली हलली.

त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. या माणसाला उभ्या आयुष्यात "मास्तर, इकडे या," "मास्तर, हे बघा," यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं. पोटापुरतं मिळवलं, कुणाचं वाईट केलं नाही, पण आपण नसतो तर जगाचं काय अडलं असतं, या प्रश्नाला त्यांच्यापाशी चौदा नंबरच्या लूमखेरीज उत्तर नव्हतं. आणि आता लोक म्हणत होते, तुम्ही गाणं केलंत. ते गाणं कसं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे खरं. पण कौतुक कसं आहे ते दिसत होतं.

ते आणखी पुढे गेले. एका गुजराती छापील पत्रिकेचा माणूस फोटो काढायला आला, तेव्हा मास्तर स्वतः पेटीपुढे बसले आणि बोटं काळ्या पट्ट्यांवर ठेवली. गायत्री मागे उभी होती. फोटोत तिचं अर्धं कपाळ आलं. ते कपाळ आठ्या घातलेलं होतं, पण छपाई फिकट असल्यानं कुणाला दिसलं नाही.

घरी पोर नवी चाल म्हणायची तेव्हा मास्तर पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटून बसत आणि ती थांबली की "वा!" म्हणत. तेवढं प्रेम खरं होतं. ऐकणं सोडून त्यात सगळं होतं.

---

तो कागद आला तेव्हा मात्र पंचाईत झाली.

उधन्यातल्या एका सांस्कृतिक मंडळानं लहान मुलांची चाली लावण्याची स्पर्धा ठेवली होती. स्वतःचं गाणं, स्वतःची चाल. गायत्रीच्या शाळेतून तिचं नाव गेलं. अर्जात शेवटी एक रकाना होता: 'रचनेत पालकांची मदत – आहे / नाही.' खाली पालकांची सही.

गायत्रीनं तो कागद बापापुढे धरला. बोलताना ती नेहमी बापाच्या अगदी समोर येऊन, तोंड वर करून, एकेक शब्द सोडून बोले. मास्तरांना वाटे, पोरीला शिस्त आहे.

"पप्पा, आठे टिक करा ना. 'नाही'वर."

मास्तरांनी पेन घेतलं. कागदाकडे बघितलं. नळावरची सखुबाई आठवली, हात धरणारे शेजारी आठवले, फोटो आठवला. तिथे 'नाही' लिहिलं की हा कागद मंडळात जाणार, मंडळात वस्तीतली माणसं, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर. 'आहे' लिहायची तर हिंमत होत नव्हती, कारण पोरगी समोर उभी होती.

त्यांनी खाली सही ठोकली आणि पेन झटकलं.

"शाई संपनी," ते म्हणाले.

"सही तर व्हयनी," गायत्री म्हणाली.

"सहीलेच पुरनी."

पोरीनं कागद घडी करून दप्तरात ठेवला. उषाबाई साडीवरून मान वर न करता म्हणाल्या, "नही सांगी देवाले काय जास तुमनं? पोरनं शे ते पोरले द्या ना." मास्तरांनी ते ऐकलं नाही. यावेळी मात्र त्यांना ऐकायचंही नव्हतं.

---

स्पर्धा रविवारी सकाळी दहाला. हॉल भरलेला. भेस्तानहून निम्मी वस्ती टेम्पो करून आलेली. पहिल्या रांगेत बक्षिसाची ढाल देणारे म्हणून धाकटे शेठ, कारण आपल्या मास्तरांचं गाणं आहे म्हणे. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात स्वतः मास्तर.

त्यांना एकच भीती होती. मागच्या वर्षी वस्तीच्या कार्यक्रमात गायत्री पहिलं कडवं संपवून श्वास घ्यायला थांबली, तेव्हा गाणं संपलं समजून मास्तरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बापच वाजवतोय म्हटल्यावर सगळ्यांनी वाजवल्या आणि पोरीचं दुसरं कडवं पोटातच राहिलं. तसं पुन्हा नको, म्हणून आज लोटूला रंगमंचाजवळच्या खांबाला उभं केलं होतं. गाणं चालू आहे तोवर लोटूनं मूठ फिरवत राहायची, संपलं की हात आडवा. साधी, सुटसुटीत योजना. खात्यात अशानं कधी एक मीटर कापड फुकट गेलं नव्हतं.

रंगमंचाच्या एका कडेला टेबल मांडून बसलेले परीक्षक होते हसमुखभाई. सत्तरीचे, संगीत शिकवून निवृत्त झालेले, आणि मिशा अशा की वरचा ओठ कुणी गेल्या तीस वर्षांत पाहिला नसावा.

गायत्री पेटीपुढे बसली. 'साडीवर खडा, खड्यावर ऊन' अशी तिच्या गाण्याची सुरुवात होती. लोटूची मूठ फिरायला लागली. मास्तर त्या मुठीच्या तालावर डोलायला लागले. शेठ खूश. वस्ती खूश. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं.

तिसऱ्या कडव्यात गायत्रीनं एक गंमत ठेवली होती. ऐन रंगात चार मात्रा ती एकदम गप्प बसायची, पेटीही गप्प, आणि मग पुन्हा समेवर यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लोटूला तर नाहीच. पोर थांबलेली बघून लोटूचा चेहरा पडला. अडली बिचारी, असं त्याला वाटलं, आणि त्यानं दोन बोटं फाकवली. धागा तुटला!

मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. एकोणतीस वर्षांची सवय. धागा तुटला म्हटल्यावर माणूस विचार करत नाही, हात करतात. त्यांनी दोन्ही चिमट्या एकमेकींत घालून पोरीकडे बघत हवेत जोरजोरात गाठी मारल्या. लोटूला वाटलं आपल्याला सांगतायत, म्हणून त्यानंही मारल्या. तेवढ्यात गायत्री समेवर आली, लोटूनं घाईघाईनं मूठ फिरवली, मास्तरांनी उलट मूठ फिरवून 'नक्की?' म्हणून विचारलं, आणि पहिल्या रांगेत धाकट्या शेठनी मान वळवलेली बघून लोटूचं बोट सवयीनं आपोआप मिशीवर गेलं.

हे सगळं हसमुखभाईंनी पाहिलं. त्यातही आपल्या मिशीची नक्कल झालेली विशेष पाहिली.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. हसमुखभाई माईक घेऊन उठले, सरळ पहिल्या रांगेपुढे आले आणि मास्तरांना विचारते झाले, "भाई, आ गीत तमे बनाव्युं छे?"

मास्तरांना समोर दिसत होतं ते एवढंच: एक माईक, आणि त्याच्यावर मिशा. ओठांचा पत्ता नाही. पण म्हातारा माणूस मोठा होता, रोखून बघत होता, बाजूला शेठ बसले होते, मागे लोक टाळ्या वाजवत होते. म्हणजे आदरच असणार. मास्तरांनी नियमाप्रमाणे मान वरखाली हलवली.

"पूरेपूरुं?"

मास्तरांनी पुन्हा हलवली, आणि आता एवढं कौतुक चाललंच आहे तर बरं दिसेल म्हणून हातही जोडले.

हसमुखभाईंनी रंगमंचावरच्या आपल्या टेबलाकडे परत जाऊन यादीत एक रेघ मारली.

मास्तर अजून हसतच होते. मग त्यांचं लक्ष रंगमंचाकडे गेलं. गायत्री पेटीपुढे तशीच बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. दुकानात आपण ठरवून ठेवलेली वस्तू दुसऱ्यानं उचलली की मुलं बघतात, तशी बघत होती. मास्तरांनी जोडलेले हात सोडले.

लोटू धावत आला आणि तोंड ताणून ताणून म्हणाला, "तू हा म्हणनास! गानं मन्हं शे म्हणीसन! तिनं नाव काटी टाकं त्यासनी!"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. वस्तीतले चार जण त्यांच्याकडे बघून अंगठे वर करत होते. शेवटी कबूल केलंत, असा भाव. शेठही पाठ थोपटत होते. सगळ्या हॉलमध्ये त्यांना आज कुणी वाईट म्हणत नव्हतं. पोरगी बाद झाली होती आणि बाप मोठा झाला होता. गप्प बसलं तर जन्मभर ते गाणं त्यांचं. बोललं तर शेठसमोर कान जाणार, कानासोबत मास्तरकी जाणार, आणि फोटोतल्या माणसाला लोक हसणार.

त्यांना लाज वाटली. गप्प बसण्याचा विचार निदान एकदा मनात आला, याचीच जास्त वाटली.

ते उठले, पायऱ्या चढले आणि हसमुखभाईंच्या हातातला माईक काढून घेतला. माईक कसा धरतात, कुठे उभं राहतात, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते भोंग्याच्या बरोबर तोंडाशी जाऊन उभे राहिले.

भोंगा किंचाळला. असा किंचाळला की शेठच्या हातातला चहा शर्टावर गेला. तीनशे माणसांनी एकदम कानांवर हात ठेवले. सखुबाईंनी पदरही गुंडाळला. आणि त्या किंचाळीच्या अगदी मुळाशी, भोंग्यापासून वीतभर अंतरावर, योगराज मास्तर शांतपणे उभे राहून बोलत होते.

"भाईसाब! ये चाल मैंने नहीं लगाया! मेरी बेटी ने लगाया!"

समोर बघतात तर सगळा हॉल कान झाकून बसलेला. लोक आपलं ऐकूनच घ्यायला तयार नाहीत, असं मास्तरांना वाटलं. म्हणून ते आणखी पुढे सरकले आणि आणखी मोठ्यानं म्हणाले, "मेरे को सुनाई नहीं देता! पाच साल से कुछ नहीं सुनाई देता! एक भी गाना नहीं सुना मैंने उसका!"

कुणीतरी धावत जाऊन वायर उपसली. भोंगा मेला. लोकांनी हळूहळू कानांवरचे हात काढले, आणि मास्तरांच्या कानांवर हात गेलेच नव्हते हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं.

सगळ्यात आधी बोलल्या उषाबाई. बायांच्या रांगेतून उभ्या राहून त्या म्हणाल्या, "म्हणजे इतला वरीस मी कोनासंगे भांडी ऱ्हायनू व्हतू?"

हॉल फुटला. हसमुखभाईंच्या मिशासुद्धा हलल्या. मास्तरांना हसू दिसलं, कारण समजलं नाही. गायत्री पेटीमागून उठून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली, तोंड वर केलं आणि एकेक शब्द सोडून बोलली.

"माले ठाऊक व्हतं, पप्पा."

"कव्हापासून?"

"मागला दिवाळीपासून. मी एकदाव नुसतं तोंड हालाडं. आवाज काढाच नही. तुम्ही 'वा' म्हणनात."

"मग सांगं का नही?"

"तुमनं काम जाईन म्हनीसन."

नऊ वर्षांची पोर. बापाचं काम जाऊ नये म्हणून दहा महिने आपलं गाणं बापाच्या नावावर राहू देत होती. मास्तरांनी आपल्या आयुष्यात बरीच मशिनं दुरुस्त केली होती, पण आपण स्वतः एवढे बिघडलेले आहोत हे त्यांना आजच कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढायचं त्यांना सुचेना.

हसमुखभाईंनी अर्ज शोधून काढला. रकाना कोरा होता. त्यांनी तो मास्तरांपुढे सरकवला, रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन दिलं. मास्तरांनी 'नाही' लिहिलं. मग ते त्यांना लहान वाटलं म्हणून शेजारी पुन्हा एकदा मोठं 'नाही' लिहिलं.

पण हसमुखभाई म्हातारे असले तरी कच्चे नव्हते. बाप बहिरा निघाला म्हणून चाल पोरीची ठरत नाही. आई आहे, शाळा आहे, मोबाईल आहे. त्यांनी जाहीर केलं की परीक्षा इथेच, आत्ता होईल. शब्द कुणालाही आधी ठाऊक नसलेले हवेत. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि दाराशेजारच्या पाटीवर बोट ठेवलं.

'अहीं थूंकवुं नहीं. पंखो बंध करीने जवुं.'

इथे थुंकू नये. जाताना पंखा बंद करावा. हॉल पुन्हा हसला. गायत्री हसली नाही. तिनं पाटी दोनदा वाचली, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि पेटीकडे गेली.

"पंदर मिनिट," हसमुखभाई म्हणाले. "अने पिताश्री बहार. ए मूछ बतावनारो भाईबंध पण बहार."

बाहेर जाताना दारापाशी धाकट्या शेठनी मास्तरांना अडवलं. चहाचा डाग पुसत, ओठ मोठे करून त्यांनी विचारलं, "तो पछी चौद नंबर?"

मास्तरांनी डावा तळहात वर करून दाखवला. शेठनी तो हात धरून उलटसुलट करून बघितला.

"सोमवारे वात करीए," ते म्हणाले आणि आत गेले. सोमवारी काय बोलणं होईल, मास्तरांना ठाऊक नव्हतं. मास्तरकी गेली तर पुन्हा लूमवर उभं राहता येतं, हात धड आहेत, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

बाहेरच्या व्हरांड्यात दोघंच. दार लावलेलं. लोटूनं त्यातल्या त्यात बरा कान फटीला लावला. बराच वेळ काही नाही. मास्तर येरझाऱ्या घालत होते. मग लोटूची मूठ फिरली.

मास्तरांनी भुवया उडवल्या: नीट?

मूठ फिरली. चालू.

धागा?

लोटूनं मान हलवली. तुटला नाही.

एवढ्यात हॉलमधून एक जाडजूड गृहस्थ बाजूच्या दारानं बाहेर आले. गालात पान, चाल घाईची, नजर कोपऱ्यातल्या लालसर भिंतीवर. ते कोपऱ्यापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. फुगलेला गाल घेऊन, मान दाराकडे वळवून, तसेच उभे राहिले.

मास्तरांनी लोटूकडे पाहिलं. त्याची मूठ हळू झाली होती. फिरता फिरता ती अर्ध्यावर राहिली, बोटं उघडली, आणि दोन्ही हात खाली येऊन मांड्यांशी पडले. बंद झालं म्हणावं तर हात आडवा मारला नव्हता. तुटलं म्हणावं तर बोटं फाकली नव्हती. चालू असेल तर चालूही सांगत नव्हता. बावीस वर्षांत लोटूचे हात कधी असे गप्प झालेले मास्तरांनी पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पंखा बंद करून जावं, एवढंच तर लिहिलं होतं पाटीवर.

मास्तरांनी त्याला ढोसायला कोपर उचललं.

मग हळूच खाली घेतलं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, चपला जुळवल्या, आणि पान गालात धरून उभ्या असलेल्या त्या अनोळखी गृहस्थांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून, ते सरळ उभे राहिले. गाणं संपेपर्यंत त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.